हिरव्या रंगाखालचा जोड

“क्लाइव्ह बॉटिंगनं माझ्या बाबांना मारलं,” हेझल दारातच म्हणाली. “पोलिस नुसता अपघात म्हणतात.”

खासगी तपास करणाऱ्या एनिड टप्परनं तिला बसवलं. तिचा सोबती बेसिल, निवृत्त पोस्टमन, चहा ओतू लागला.

ससेक्समधल्या त्यांच्या गावात रविवारी दुपारी लॉनमोअरची, म्हणजे बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांची, शर्यत झाली होती. हेझलचे वडील ॲल्फ सगळ्यांत पुढे होते. तिसऱ्या वळणावर त्यांच्या यंत्राचा सांगाडा मोडला, यंत्र उलटलं. ॲल्फ जागीच गेले. त्यांचा तीस वर्षांचा प्रतिस्पर्धी क्लाइव्ह शनिवारी त्यांच्या शेडमध्ये येऊन भांडून गेला होता.

मोडलेलं यंत्र शेडमध्येच होतं. गवत कापायची पाती काढलेली, सांगाडा जमिनीलगत आणून नळ्यांनी पक्का केलेला. जुने जोड शिवणीसारखे सरळ. मोडल्या जागेचा तेवढा गाठीगाठींचा, वेडावाकडा. तिथला हिरवा रंग एनिडच्या बोटाला चिकटला.

“करवतीनं कापलंय की हे!” बेसिल ओरडला. “अगदी सीटसमोर, वरच्या बाजूनं!”

“अर्धंच कापलंय. आणि वरून वेल्डिंग केलंय,” एनिड म्हणाली. भिंतीवरची करवत तिनं उतरवली. पात्याचे दात मुठीकडे वळलेले होते. पातं उलटं बसवलं होतं.

क्लाइव्ह त्याच्या कारखान्यात नुसताच बसून होता.

“भांडलो, खरंय. हात किती थरथरायचे त्याचे! कप धरवत नव्हता. म्हटलं, गड्या, आता पुरे कर. तर मलाच हाकललं त्यानं.”

“तेव्हा सांगाडा कसा होता?”

“ठणठणीत. चाळीस वर्षं लोखंड कापतोय मी, मला कळत नाही होय?”

ॲल्फची बायको डोरीन स्वयंपाकघरात होती. तिच्या उजव्या तळव्याला चिकटपट्टी होती.

“गुलाब छाटताना लागलं,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी शर्यत बंद करायला सांगितलं होतं. ऐकेल तर ना! म्हणायचा, ‘पाती तर काढलीत, आता मला काय कापणार?’”

दुसऱ्या दिवशी एनिडनं सगळ्यांना, क्लाइव्हलासुद्धा, त्याच स्वयंपाकघरात बसवलं.

“जीव घ्यायचा असता तर काप खालून, लपवून दिला असता,” ती म्हणाली. “हा काप डोळ्यांसमोर होता. तो दिसावा आणि शर्यत रद्द व्हावी, एवढीच इच्छा होती. पातं उलटं लावलं, म्हणजे हात सवयीचा नव्हता. म्हणून क्लाइव्ह नाही.”

“मग वेल्डिंग कुणी केलं?” बेसिलनं विचारलं.

“कापणारा स्वतःच कशाला जोडेल? रंग ओला होता, म्हणजे जोड रविवारी सकाळचा. ॲल्फनीच तो घातला, थरथरत्या हातांनी. म्हणूनच तो टिकला नाही.”

“बाबांना काप दिसला, तर बोलले का नाहीत?” हेझलनं विचारलं.

“बोलले असते तर चौकशी झाली असती. कापणारं माणूस त्यांनी ओळखलं होतं.”

मग डोरीननं तळवा टेबलावर उघडा ठेवला.

“गुलाब नव्हते गं,” ती म्हणाली. “शनिवारी तो क्लबात गेला तेव्हा मी कापलं. वाटलं, चिडेल, चार दिवस बोलणार नाही, पण घरी राहील. सकाळी शेडमधून आला. काही विचारलं नाही. माझा हात धुतला, ही पट्टी लावली. लावताना दोनदा खाली पडली त्याच्या हातून. मला वाटलं, समजला, आता जाणार नाही. मी खुशीत अंडी तळायला घेतली. आणि बाहेर यंत्र ट्रेलरवर चढवल्याचा आवाज आला.”

“मग तू थांबवलं का नाहीस, आई?”

“धावले होते. म्हणाला, ‘सगळं नीट केलंय, डोरी.’ त्याच्या हातचं काम कधी मोडलं नव्हतं गं.”

हेझल उठली. दाराशी गेली, परत आली, आणि आईच्या खुर्चीपाशी खाली बसून तिनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

“ज्याला खुनी म्हणत होतो, तो क्लाइव्हही त्यांना थांबवायलाच आला होता,” बेसिल पुटपुटला. एनिडनं त्याला बाहेर नेलं.

त्याच दुपारी डोरीन आपणहून पोलिस ठाण्यात गेली. हेझल तिच्या शेजारी बसली होती. गाडी क्लाइव्ह चालवत होता.