मोठ्या बाईंचा मेन स्विच

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचं तोंडच दिसत नव्हतं. शाळेच्या फाटकाशी एकावर एक रचलेली पुठ्ठ्याची खोकी होती आणि त्यांच्याखाली दोन पाय. मी त्या पायांनाच म्हटलं, "या, या, कधीची वाट बघतेय. असे आत या... पायरी सांभाळून."

मला वाटलं, आम्ही मागितलेले हेडफोन आले. आमच्या शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं, त्याचं बिलही सरकारच भरतं. आम्हा शिक्षकांना शिकवायला माणसंसुद्धा पाठवली. तेव्हापासून कुणी सरकारला नावं ठेवली की मी पदर खोचून भांडायला उठते. आई म्हणते, हिचं सरकारशीच लग्न लावून द्यायला हवं.

तर त्या खोकेवाल्याला मी कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खोक्यांमागून एक घामेजलेला, ओशाळलेला तरुण चेहरा वर आला. डोळे मात्र असे, की मला उगाचच वेणी सारखी करावीशी वाटली. मग मी एक खोकं उघडलं. रिकामं. दुसरं उघडलं, तेही रिकामं.

"मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी आणायला नाही... न्यायला आलोय."

तो शिक्षण खात्यातला इंजिनिअर होता. कुठल्या शाळेत कॉम्प्युटर किती वापरले जातात, ते त्यांच्या ऑफिसात आपोआप कळतं म्हणे. आमच्या शाळेपुढे कित्येक महिने नुसतं शून्य होतं. धूळ खात पडलेले कॉम्प्युटर उचलून दुसऱ्या, गरजू शाळेला द्यायचे, असा नियम होता. नियम चांगला होता, तेच तर दुखत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा प्या, माझा तास बघा आणि मगच कशालाही हात लावा, असं मी त्याला सुनावलं. तो निमूटपणे बसला.

त्या दिवशी सावलीचा तास होता. खूप दूर, दक्षिणेकडे समुद्राकाठी एक शाळा आहे. तिथल्या मुलांशी आमच्या वर्गाची इंटरनेटवरून गट्टी जमली होती. भर दुपारी त्यांनी तिथे काठी उभी धरायची, आम्ही इथे तेवढ्याच उंचीची, आणि सावल्या मोजून स्क्रीनवर एकमेकांना दाखवायच्या. आमची काठी कुणी धरायची यावरून जुंपली, म्हणून मी ती त्याच्याच हातात दिली. "खोकेवाले काका, हलू नका हं," मुलींनी बजावलं. 'काका' ऐकून त्याचा चेहरा असा पडला, की मला हसू आवरेना. मी मुलींना दटावलं, दादा म्हणायचं. त्यानं माझ्याकडे बघितलं – आणि काठी हलली.

आमची सावली त्यांच्यापेक्षा लांब निघाली. का, यावर दोन्हीकडच्या मुलांचा वाद रंगला. शेवटी आमच्या एका मुलीनं चेंडूवर पेन्सिली धरून, पृथ्वी गोल असल्यामुळेच हे होतं, हे स्क्रीनपलीकडच्या सगळ्यांना पटवलं. तो खोकी विसरून बघत राहिला होता.

"हे शून्य नाही," तो म्हणाला. "कुठेतरी आमचंच चुकतंय."

त्यानं साहेबांना फोन करून मुदत मागून घेतली आणि शर्टाच्या बाह्या सरसावल्या. दिवसभराच्या वापराची माहिती शाळा सुटल्यावर, संध्याकाळी आपोआप वर जायला हवी होती. ती अडकत होती कुठे, तेच त्याला कळेना. टेबलाखाली तो, टॉर्च धरून मी. त्याच्या मानेवर जळमट लागलं होतं. काढू... की नको? नाहीच काढलं. मग काढलं.

शाळा सुटली. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, नेहमीप्रमाणे किल्ल्या वाजवत आल्या आणि त्यांनी खटकन मेन स्विच खाली ओढला. खोलीत अंधार झाला. टेबलाखालून आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. रोजचंच होतं हे, माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"बाई, हे तुम्ही रोज करता?" त्यानं विचारलं.

"एक दिवस चुकवत नाही. वीजबीज पडली तर? सरकारनं विश्वासानं दिलेली वस्तू, घरच्यापेक्षा जास्त जपायला नको?"

मला वाटलं, आता हा कपाळाला हात लावणार. पण तो उठून बाईंसमोर उभा राहिला आणि म्हणाला, असं जपणारी माणसं सगळीकडे असती तर माझं निम्मं काम उरलं नसतं. विजेपासून वाचवणारं यंत्र बसवून देतो, फक्त संध्याकाळचा तेवढा वेळ स्विच चालू राहू द्या. हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं, की बाई खूश झाल्या आणि मी तिथेच कामातून गेले.

साठलेली माहिती त्याच संध्याकाळी वर गेली. पण कॉम्प्युटर हलवण्याचा हुकूम रद्द करणं साहेबांच्या हातात होतं. तो गेला, आणि माझा जीव टांगणीला लागला. रोज शेवटचाच दिवस असल्यासारखं मी शिकवत होते. फोन वाजला की धावायची. आईला संशय आला. खोटं कशाला बोलू, मी कॉम्प्युटरची वाट बघत होते आणि त्याचीही.

एका दुपारी तो आला. हात रिकामे. दारातूनच म्हणाला, "राहिले."

माझे डोळे भरून आले. त्या दुसऱ्या शाळेलाही नवे कॉम्प्युटर मंजूर झाल्याचं त्यानं सांगितलं, तेव्हा तर वाहायलाच लागले.

"फोन करता आला असता की," मी डोळे पुसत म्हटलं.

"फोनवर तुमचा चेहरा दिसला नसता."

"व्हिडिओ कॉल असतो."

"इथल्या तारा मी जोडल्यात, मॅडम. मला भरवसा नाही."

मला हसू फुटलं. पण विचारायचं होतं ते विचारलंच. "आणि साहेबांनी ऐकलं नसतं तर?"

त्याला गोड खोटं बोलता आलं असतं. पण त्यानं खरं तेच सांगितलं.

"तर खोकी घेऊन आलो असतो. तिकडेही मुलं वाट बघत होती. पण मग तुमच्यासमोर परत कधी उभं राहता आलं नसतं. म्हणून साहेबांच्या केबिनबाहेर रोज जाऊन बसलो. निम्मं मुलांसाठी... निम्मं..."

"पुढे? अर्धवट उत्तराला मी मार्क देत नाही."

"तुम्ही आवडता मला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण कॉम्प्युटर माझ्या हातात असताना बोललो असतो, तर लाच मागितल्यासारखं झालं असतं."

मला त्या क्षणी त्याचा केवढा अभिमान वाटला!

"कॉम्प्युटर राहिलेत ना नक्की? सही, शिक्का, सगळं?" मी विचारलं.

"सगळं."

"मग आता ही लाच नाही. तुम्हीही मला आवडता... फार."

तास सुरू व्हायची घंटा झाली. मुलं धावत आत आली आणि त्याला बघून एकच गलका झाला. मी त्याला मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि शिकवायला लागले.