फळीवरच्या चपला

दिवा राहू दे तसाच, पण मध्येच कोणी उठू नका. आमच्या पंपवाल्याची गोष्ट आहे. माणूस थापा मारणारा नव्हे. मोटार दुरुस्त होणार नसेल तर तोंडावर सांगतो.

ओढा तसा वीतभरच. वर एक वाडी, खाली एक. मध्ये बांध, बांधातून सिमेंटचा पाइप आणि त्याच्या वरच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी. गाळ काढायला खालून आत शिरणाऱ्याने चपला फळीवर ठेवायच्या. त्या दिसल्या की फळीला हात लावायचा नाही, मग कोणाचं कितीही अडलेलं असो.

गेल्या वर्षी पंपवाल्याचा थोरला भाऊ आत असताना फळी उचलली गेली आणि तो आतच बुडून गेला. उचलणारा पंपवाल्याचाच मेहुणा, वरच्या वाडीचा. "चपला नव्हत्या हो दाजी. असत्या तर हात लावला असता का मी?" म्हणत गळ्यात पडून रडला. पंपवाल्याला ते पटलं. चारचौघांत म्हणाला, "चूक आमच्या दादाचीच." वहिनीने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

तर मार्चची नऊ तारीख, सोमवार, रात्रीचे सव्वाआठ. सकाळी खालच्या वाडीची पाण्याची पाळी आणि पाइप तुंबलेला. पंपवाल्याने चपला फळीवर ठेवल्या, मेहुण्याला बॅटरी देऊन बांधावर उभं केलं आणि कोपरांवर सरकत आत शिरला.

गाळ निघत होता. वर मेहुण्याची बडबड चालू होती, पोरांच्या शाळेची, बायकोच्या दुखण्याची. मग ती थांबली.

"काय रे?"

...

"अरे, बोल की."

...

तो मागे सरकत बाहेर आला. बांधावर चढला. बॅटरी खाली पडलेली. फळीवर त्याच्या चपला. शेजारी आणखी एक जोड. ओला. डाव्या चपलेचा पट्टा तांब्याच्या तारेने बांधलेला. मोटारीची तार... त्यानेच दादाला बांधून दिलेली.

मेहुणा मागे मागे सरत होता.

"या... या मी गाडल्या होत्या, दाजी. माझ्या वाफ्यांत पाणी चढत होतं... वाटलं, दादा निघाले असतील..."

 पंपवाल्याने ज्याला पाठचा भाऊ मानला, त्याने केसाने गळा कापला होता. आणि त्याच्या शब्दावर याने सख्ख्या भावाला दोषी ठरवलं होतं.

घरी येऊन पाय धुवायला बसला. घोट्यावर पाच बोटं उमटलेली. पाइपात त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

आजही आहेत. मी पाहिलीत. दादाने आधाराला धरलं होतं की आत ओढायला, ते त्याला ठरवता येत नाही. विचारलं की पाय पोटाशी घेऊन बसतो.