लाल होण्याची घाई

वसंत आला की ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरातले मॅगपाय पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात. लॅकलनवर घातली, तो गटारात कोसळला, आणि ट्रिपल झिरो या आणीबाणीच्या नंबरवर त्याला ब्रॉन्विनचा आवाज भेटला.

"रुग्ण शुद्धीवर आहे का?"

"रुग्णच बोलतोय, बाई!"

"हो की नाही, सांगा. श्वास चालू आहे?"

"होता... तुमचा आवाज ऐकून थांबलाय बहुतेक—"

ब्रॉन्विनने हसू दाबलं. पडद्यावरचे प्रश्न शब्दही न बदलता विचारायचे. हसण्यासाठी त्यात रकाना नव्हता. उत्तरांवरून संगणक रंग ठरवी: लाल म्हणजे ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत सुटणार, हिरवा म्हणजे नर्स सवडीने फोन करणार. लॅकलन हिरवा निघाला.

"काही बदल झाला, त्रास वाढला, तर पुन्हा फोन करा," हे ठरलेलं शेवटचं वाक्य म्हणून तिने फोन ठेवला.

काही दिवसांनी कानाला पट्टी आणि हातात लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन तो तिच्या कॉल सेंटरच्या फाटकाशी हजर. "फोनवर हसू दाबणाऱ्या बाई कोण?" पहारेकऱ्याने क्षणात तिचं नाव सांगितलं.

मग जॅकरंडाच्या जांभळ्या सड्यावरून संध्याकाळचं फिरणं सुरू झालं.

"आज माझा रंग कोणता?"

"हिरवाच."

"अजून? लाल व्हायला काय करावं लागतं गं?"

"छातीत दुखतंय म्हणायचं," ती त्याच्या केसांतलं फूल काढत म्हणाली. "मग बाकी सगळे थांबतात."

तो लग्नाचं विचारणार, हे तिला कळलं होतं. तिचा 'हो' कधीचा तयार होता.

एका दुपारी तिच्या टेबलावर फोन आला. "छातीत... दुखतंय."

आवाज त्याचा! पण प्रश्न ठरलेला होता. "श्वास घ्यायला त्रास होतोय?"

"तू समोर नसलीस की होतो. इतर कुणी फोन उचलला की ठेवून देत होतो, राणी... अंगठी हातात आहे. लग्न करशील?"

पडद्यावर ॲम्ब्युलन्सचा लाल ठिपका त्याच्या घराकडे केव्हाच पळत सुटला होता. लोकांना वाटतं, प्रश्न संपल्यावर गाडी निघते. ती पहिल्या वाक्यालाच निघते.

"परत बोलवा!" ती ओरडली. शेजारच्या टेबलावर मर्विन फोनवर कुणा म्हातारीला विचारत होता, "आजी, आजोबांना हसायला सांगा. तोंड वाकडं होतंय?" म्हातारीच्या दारावरून जी गाडी गेली, ती लॅकलनकडे निघालेली होती. वळून यायला उशीर झाला.

आजोबा वाचले. वाचा गेली.

पोलिसांनी लॅकलनला समज दिली. देताना हवालदार हसला; प्रेमात असं व्हायचंच, म्हणाला.

लॅकलन पुन्हा फाटकाशी, पुन्हा डबा. "गंमत होती गं... मी आजोबांना भेटतो. ते माफ केलं म्हणतील—"

"ते काहीच म्हणणार नाहीत."

त्याने डबा पुढे केला. मग हळूच, "आणि आपलं? हो की नाही... एवढं तरी सांग."

ब्रॉन्विनने त्याच्या कानाकडे पाहिलं. पट्टी निघाली होती, जखम छान भरली होती.

"काही बदल झाला, त्रास वाढला," ती म्हणाली, "तर पुन्हा फोन करा."

आणि ती आत गेली.