पहाटेची ढास

कातळगडाचा माथा धुक्यात बुडाला होता, खालच्या खिंडीत खानाच्या छावणीतल्या शेकोट्या विझत आल्या होत्या आणि तटावरचे पहारेकरी घोंगड्या आवळून एकमेकांना हाळ्या देत होते. अशा त्या पहाटे गडाचे किल्लेदार निंबाजीराव खराडे आपल्या महालात उशांना टेकून बसले होते आणि छातीतला कफ सुटावा म्हणून झगडत होते. आडवे होऊन निजणे त्यांच्या नशिबातून केव्हाच गेले होते.

हे दुखणे जाणार नाही, त्याच्यासह नांदावे लागेल, असे वैद्यांनी बजावले होते. नांदणे कसले! तलवारबाज मनगटाची काडी झाली, तिन्हीसांजेला कणकण भरू लागली, चार शब्द बोलले की पाचव्याला दम पुरेना. आणि या साऱ्याहून वाईट म्हणजे आधी खोकला पोचे, मग किल्लेदार. ते देवडीवर पाऊल ठेवायच्या आत तिथली कुजबूज थांबलेली असे. गडात फितुरी आहे एवढे त्यांना ठाऊक होते, कारण दारूगोळ्याच्या कोठारात कुणीतरी पाणी ओतले होते. पण फितूर कोण, हे चोरपावलांनी जाऊन ऐकणार कसे?

संशयाला औषध नाही म्हणतात, ते खोटे नव्हे. फौजेचे सरनौबत हैबतराव पांढरे रोज संध्याकाळी सदरेवर जवळ बसून "धन्यांनी विश्रांती घ्यावी, गडाची चिंता आम्हांवर" म्हणत, ते किल्लेदारांना टोचे. पण त्याहून लाजेची गोष्ट ही की पत्नीच्या, सगुणाबाईंच्या, हातचा अडुळशाचा काढाही त्यांना अलीकडे जहरासारखा लागू लागला होता.

आजही बाईंनी वाटी पुढे केली. "इकडून घ्यावा. निवला की उतरत नाही."

"तुम्ही... आधी घ्या."

बाईंनी एक घोट घेतला. रोजच घेत. घेताना डोळे मात्र खाली वळवत, आणि निंबाजीरावांना त्यातही काळेबेरे दिसे.

वाटी त्यांनी हातात घेतली, तोच तटातल्या लहान दाराच्या, दिंडीच्या, अंगाने खोकला ऐकू आला. खुद्द निंबाजीरावांचा खोकला! तीच ढास, तोच घसा खरवडणारा शेवट, आणि मागोमाग काठीचे ठोके.

"अगं बाई! स्वारी इथं बसलेली, मग तिथं कोण?"

वेढा पडल्यापासून माचीकडची दिंडी किल्लेदारांखेरीज कुणासाठीही उघडायची नाही, असा सक्त हुकूम होता. त्यांनाही परवलीचा शब्द सांगावा लागे. पण उबळीनंतर त्यांना शब्द फुटत नसे, म्हणून पहारेकऱ्यांनी दया येऊन खोकला आणि काठीचा ठोका हीच परवल मानली होती. आज त्या दयेनेच घात मांडला होता.

निंबाजीरावांच्या मनात लख्ख उजाडले. त्यांचा पहाटेचा खोकला ओला, घरघरता, संपता न संपणारा. तो बंद दाराआड एकट्या बाईंनी ऐकलेला. ही कोरडी ढास संध्याकाळची, सदरेवरची. सोंग शिकणाऱ्याने त्यांची पहाट कधी पाहिलीच नव्हती. म्हणजे फितूर सदरेवर बसणारा होता, आणि आपण संशय घेतला तो हिच्यावर!

"ओरडू नका," ते पुटपुटले. "सावध झाला तर... दिंडीवरच्या नाइकाला मारून दार उघडील."

तलवार घेऊन ते निघाले. शेल्याचा बोळा त्यांनी तोंडात कोंबला. गार धुके नाकात शिरताच छातीत निखारा हलल्यासारखा झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आयुष्यभर रणात पुढे धावलेल्या त्या माणसाला एक उबळ गिळताना जेवढे बळ लागले, तेवढे कुठल्याही लढाईत लागले नव्हते. समोर शाल पांघरलेली आकृती काठीवर वाकून उभी होती, आणि दिंडीचा नाईक अडसर उचलत होता.

तलवारीचे टोक शालीआडच्या मानेला टेकले आणि मग मात्र खोकला बांध फोडून आला.

अडसर हातात धरून नाईक थिजला. "एका गडाला दोन सरकार?"

"मीच किल्लेदार! उघड दिंडी!" शालीतला आवाज खणखणीत, एका दमात बोलला, आणि तिथेच फसला. खोकून झाल्यावर असा दम निंबाजीरावांना कुठला? नाइकाने अडसर पुन्हा ठोकून बसवला. शाल ओढली तर आत हैबतराव!

"धनी, या खोकल्याच्या मढ्यापायी सारा गड मरायचा," हैबतराव ओरडला. "मी वाचवत होतो!"

निंबाजीरावांनी शेल्याला लागलेले रक्त मुठीत दडवले. "मढं... जागं होतं, हैबतराव."

हैबतरावाला जेरबंद करून कोठडीत टाकले. माचीच्या झाडीत दबा धरलेली खानाची टोळी तटावरच्या धोंड्यांनी पिटाळली, आणि पुढे खान वेढा उठवून गेला. खोकल्यालाच परवल मानायची ती सवलत मोडली. आता उबळ ओसरेपर्यंत नाईक अदबीने थांबे आणि मग "परवल, सरकार?" असे विचारल्याखेरीज राहत नसे.

दुखणे गेले नाही. पण त्याच सकाळी, महालात परतल्यावर बाईंनी काढा पुन्हा कोमट करून आणला आणि सवयीने वाटी आधी आपल्या ओठांना लावली, तेव्हा निंबाजीरावांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," ते म्हणाले, आणि वाटी घेऊन एका घोटात रिकामी केली. काढा कडूच होता. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.