लोड होतंय, बोलू नका

"वहिनी, मार्केट चालू असताना मी फार वेळ गप्प राहिलो, तर तुम्ही मला हाक मारत जा. हे दोघं दोस्त मारणार नाहीत."

निरंजनने हे हिमानीला तिच्या ओट्याशी उभं राहून सांगितलं होतं. रविवारचा जेवायला आला होता तेव्हा. खापरावर पुरणाचा मांडा होता, पायाशी पोरगी रडत होती.

"लग्न करा भाऊजी. बायको मारेल हाका," असं म्हणून तिने विषय हसण्यावारी नेला.

तो हसला नाही.

हिमानी माझी मावसबहीण. बुऱ्हाणपुरात लालबागला राहते. पुढचं सगळं तिच्या घरात घडलं, दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी. रात्र नव्हती. भर दुपार होती, गच्चीवर वडे-पापड वाळत होते. मी तिच्याकडून हे बरेचदा ऐकलंय. दर वेळी तेच, त्याच क्रमाने. आवाज चढत नाही, डोळे भरत नाहीत. जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं सांगतेय.

मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी मानते.

तिचा नवरा अमोल निफ्टीत ट्रेडिंग करतो. त्याच्यासोबत दोघं, धर्मेंद्र आणि निरंजन. धर्मेंद्र बहादरपूरचा, केळीच्या बागा सांभाळून करणारा. निरंजन नेपानगरला वडिलांच्या घरात एकटा. तिघांचे वडील तिथे कागद कारखान्यात होते, तिघं एकाच कॉलनीत वाढले.

सकाळी मार्केट उघडायच्या आधी तिघं लॅपटॉपवर कॉल जोडायचे. तो दिवसभर चालू.

पण बोलायचं नाही.

एखाद्याचा सौदा चालू असेल आणि कोणी मध्येच नाव घेऊन हाक मारली, की सौदा बिघडतो. असा त्यांचा नियम. गप्प आहे म्हणजे पोझिशनमध्ये आहे, पैसे सौद्यात अडकलेत. बस.

हा नियम लहानपणचा होता. निरंजनच्या वडिलांनी कुठून तरी एक कॉम्प्युटर आणला होता. नुसता कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. गेम कॅसेटमधून यायचा. टेपरेकॉर्डर लावला की किर्रर्र... चीं... असा आवाज बराच वेळ चालायचा. तेवढ्या वेळात कोणी हललं, टेबलाला धक्का लागला, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिघं पोरं श्वास धरून बसायची. लोड झालं की जो आधी "माझा" म्हणेल, त्याचा डाव.

साडेतीनला मार्केट बंद झालं की रोज याच गप्पा. गेममधल्या भुयारातला तो ठिपक्यांचा माणूस. त्याचे तीन जीव. कोणी कुठे मारला. हिमानीला सगळं पाठ झालं होतं.

त्या मंगळवारी एक्सपायरी होती. म्हणजे आठवड्याचे सौदे संपायचा दिवस, तिघंही ताणात.

सकाळी चहा द्यायला गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं...

निरंजनच्या बाजूने काहीच ऐकू येत नव्हतं.

एरवी त्याचा जुना पंखा कुरकुरायचा. तो खाकरायचा. त्या दिवशी काही नाही.

"अहो, निरंजन भाऊजी आहेत ना?"

अमोलने ओठांवर बोट ठेवलं. स्क्रीनवर नाव दाखवलं. तीन नावं, तिन्ही जोडलेली.

तिला रविवार आठवला. तोंड उघडलं होतं तिने. पण अमोलने पुन्हा बोट ठेवलं, आणि आत पोरगी उठली.

हिमानी तिच्याकडे गेली.

दुपारी अमोल जेवायला बसला. हिमानी पोरीला शोधत त्या खोलीत आली. पोरगी लॅपटॉपसमोर बसली होती. कुकरच्या शिट्टीलाही किंचाळणारी ती पोर... अगदी स्थिर.

स्पीकरमधून आवाज येत होता.

किर्रर्र... चीं...

नेटवर्क बिघडलं असेल, असं तिला वाटलं. तिने पोरीला उचललं. पोरीचे हात गार होते.

साडेतीन वाजले. धर्मेंद्रचा आवाज आला, "चलो भाऊ, वाचलो आज. निऱ्या, तुझं काय? जिवंत आहेस का गेला?"

"छोड ना, मूड खराब असेल त्याचा," अमोल म्हणाला.

हिमानी दारातूनच म्हणाली, "दुपारी काय वाजत होतं हो तुमच्या लॅपटॉपमध्ये?"

"कसं?"

तिने आवाज काढून दाखवला.

धर्मेंद्र हसला. "अरे, ही तर कॅसेट यार. निऱ्या, तो कॉम्प्युटरचा डब्बा अजून ठेवलाय का तू? चालू केला काय?"

आणि निरंजन बोलला.

"लोड होतंय. बोलू नका."

त्याचाच आवाज. हिमानी शपथेवर सांगते. फक्त... मागे पंखा नव्हता.

किर्रर्र सुरू झालं. आणि ते दोघं, पोराबाळांचे बाप, खरंच गप्प बसले. अमोलने श्वास धरला होता. तोंडावर हसू होतं, कॉलनीतल्या पोरासारखं.

तेवढ्यात धर्मेंद्रचा दुसरा फोन वाजला. "नेपानगरवरून यादव काका. एक मिनट," असं पुटपुटून तो उठला. यादव काका म्हणजे निरंजनचे शेजारी.

आवाज थांबला.

"लोड झालं. कोणाचा डाव?"

"माझा," अमोल म्हणाला.

सवयीने. बस, सवयीने.

मग धर्मेंद्र परत आला. "अमोल... निऱ्या गेला रे. काकांनी दार तोडलं. खुर्चीजवळ पडला होता. डॉक्टर म्हणतो, सकाळी हार्टचा झटका आला, दुपारपर्यंत जीव होता."

"येडा झाला का? तो आत्ता..."

"काका म्हणतात कॉलनीत सकाळपासून लाइट नाही. त्याचा लॅपटॉप बंद पडलाय कधीचा."

स्क्रीनवर तीन नावं होती.

हिमानी बघत असताना ती दोन झाली.

दुपारपर्यंत जीव होता, एवढंच तिने धरून ठेवलंय. सकाळी एक हाक. उत्तर आलं नसतं तर काकांना फोन गेला असता. हे ती एकदाच बोलली, पोरीला भात भरवताना, आणि पुढचा घास दिला.

त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्ब्याचं म्हणाल, तर तो निरंजनच्या घरात कुठेच सापडला नाही.

आता अमोल एकटाच बसतो. धर्मेंद्रने ट्रेडिंग सोडलं, बागेतच असतो. हिमानी घरकाम करता करता दारातून हाका मारते. "अहो?" आतून "हूं" येतं. पुन्हा थोड्या वेळाने, "अहो?" "हूं."

गेल्या मंगळवारी "हूं" आलं नाही.

आतून आलं, "बोलू नकोस. लोड होतंय."

ती दार ढकलून आत गेली. अमोल खुर्चीत होता. मान खाली. खांदा धरून हलवला तेव्हा दचकून जागा झाला. म्हणाला, मी तर केव्हाचा झोपलो होतो, मी कुठे काय बोललो?

पोरगी दारात उभी होती. ओठांवर बोट ठेवून.

हे लिहितानाही मी हिमानीला दोनदा फोन केला. उचलला तिने.

तुमच्याही घरात, ग्रुपवर, असा कोणी असेल ज्याला तुम्ही "कामात असेल" म्हणून सोडून दिलंय. हे वाचून झालं की त्याला नावाने हाक मारा.

आणि नुसता आवाज आला म्हणून परत फिरू नका.

आत जाऊन बघा.