ज्याला काटा दिसला

खासगी तपासाची कामं करणाऱ्या वामन पिंगळे यांना त्या दिवशी नवं काम नको होतं. सकाळपासून दोन भावांचं बांधावरचं भांडण ऐकून त्यांचं डोकं उठलं होतं. पण यशवंतराव बोरस्ते स्वतः येऊन समोर बसले, आणि पिंगळ्यांना नाही म्हणायचाही कंटाळा आला.

बोरस्ते निफाडकडचे द्राक्षबागाईतदार, राहायला गंगापूर रोडला. मुंबईच्या लिलावात घेतलेली त्यांची जुनी अमेरिकन गाडी साऱ्या नाशिकला ठाऊक होती. परवा मखमलाबाद नाक्यावर त्या गाडीने फुलं विकायला निघालेल्या चांगुणाबाईंना मागून उडवलं. बाई सिव्हिलमध्ये मांडीचं हाड मोडून पडल्या होत्या. गाडीत दोघंच होते, खाकी कपड्यांतला ड्रायव्हर कोंडाजी आणि बोरस्त्यांचे जावई जयरामराव. चाक दुसऱ्याच्या हातात होतं, असं दोघंही सांगत होते.

“उद्या पोलिसांत एकाचं नाव द्यायचंय,” बोरस्ते म्हणाले. “कोंडाजीचं दिलं तर तो तुरुंगात जाईल. पण जावयावर आळ घेऊ कसा?”

शेवटी गरिबाचंच नाव जाणार, आपण कशाला उन्हात फिरायचं, असं पिंगळ्यांचे सहायक मोतीराम पुटपुटले. त्यांचं फारसं चुकत नव्हतं, आणि याचाच पिंगळ्यांना वीट आला होता. त्यांनी चपला घातल्या.

बोरस्त्यांच्या घरी जयरामरावांनी शांतपणे सांगितलं की ते कोंडाजीशेजारी पाय लांब करून, मान मागे टेकून बसले होते. गाडीचं चाक त्यांनी आयुष्यात धरलेलं नव्हतं.

“स्पीडचा काटा बराच वेळ शून्यावर पडून होता, मग एकदम तिसावर उडाला. मी म्हटलंसुद्धा, कोंडाजी, जरा हळू.”

“काट्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?” पिंगळ्यांनी विचारलं.

“सांगायला कशाला हवं? बसल्या जागेवरून डोळ्यांनी पाहिलंय.”

बोरस्त्यांनी मान डोलावली. इतकं बारीक कोणी मनाने रचत नाही, असं त्यांना वाटलं.

नाक्यावरच्या चहावाल्या गेणूलाही शंका नव्हती. “खाकीवाला उजव्या दारातून उतरला. म्हंजी डायवरच की. लय घाबरला व्हता.” मोतीरामांच्या मते प्रकरण तिथेच मिटलं.

पिंगळ्यांनी कोंडाजीला गाडी काढायला सांगितलं. मोतीराम मागे बसले. कोंडाजीने डावीकडे बसून चाक धरलं, पिंगळे त्याच्या उजवीकडे. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी वेग विचारला.

“तीस मैल, साहेब. हा काटा आधी हलत नाय, मग एकदम उडतो. त्या दिवशी सकाळी केबल बदलली, तवापासून. कुणाला सांगायला सवड कुठं मिळाली?”

पिंगळ्यांनी दोनदा डोळे बारीक केले. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मोतीराम मागून म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि बोरस्त्यांना गाडीत उजवीकडे बसवलं.

“तुम्ही नेहमी मागे बसता, इथे कधी बसला नसाल. कोंडाजी, एक चक्कर मार. यशवंतराव, मान मागे टेका आणि काटा किती सांगतोय ते वाचा.”

गाडी फिरून आली. बोरस्ते दार उघडून उतरले.

“काही दिसत नाही,” ते म्हणाले.

“दिसणारच नाही. मीटर खोल नळीत बसवलेला आहे, तो फक्त चाकामागच्या माणसाला दिसतो. जयरामरावांनी काट्याची खोड अगदी खरी सांगितली, आणि ती कोणाकडून ऐकलेली नाही. मग ते कुठे बसले होते? गेणूही खरंच बोलला, फक्त आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे असतो म्हणून चुकला. या गाडीचं चाक डावीकडे आहे. कोंडाजी उजव्या दारातून उतरला, कारण तो गाडी चालवत नव्हता.”

एकदा चालवून बघायची हौस होती, एवढंच जयरामराव म्हणाले. बोरस्त्यांचा चेहरा उतरला होता, पण उद्या जावयाचंच नाव देतो, चांगुणाबाईंचा दवाखानाही बघतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. पिंगळ्यांना बरं वाटलं. फार नाही, पण वाटलं.

मग बोरस्ते कोंडाजीकडे वळले. “झालं गेलं विसर. उद्या नेहमीसारखा कामावर ये.”

कोंडाजीने किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

“नाय मालक. अकरा वर्षं तुमचा जीव माझ्या हातात देऊन तुम्ही मागं झोपत व्हता. आज गाडीत बसून बघितलं तवा पटलं. मी पाया पडून सांगत व्हतो, तवा नाय पटलं.”