'सोडा' म्हणेपर्यंत

लालासाहेबांना बायकोला, अंजनाला, समुद्र दाखवायचा होता! तोही किनाऱ्यावर उभं राहून नव्हे, सह्याद्रीच्या कड्यावरून. खाली सगळं कोकण आणि त्याच्या पलीकडे ती निळी रेघ. अंगाची हळद उतरायच्या आत दिलेला शब्द होता तो. पण लालासाहेबांची पुढची चोवीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली, कधी जम्मूला, कधी आसामात, आणि शब्द कोरेगावात, घर सांभाळणाऱ्या अंजनाजवळ, पडून राहिला.

पेन्शनीत निघाल्यावर मात्र गड्याला दम निघेना. शाळेची जुनी मिनीबस घेतली. सांगलीच्या रहिमान मिस्त्रींकडून तिच्यात पलंग, ओटा आणि मागच्या अंगाला फरशीखाली पाण्याची टाकी बसवून घेतली, घराला कुलूप घातलं आणि दोघं निघाली. पाच महिने झाले, संसार चाकांवर! आता चाकांवरच्या घराचं एक असतं, ते रोज कुठून ना कुठून निसटतं. आज दाराची बिजागरी, उद्या पंख्याचा पट्टा. लालासाहेब सगळं स्वतः करायचे, आणि अशा तोऱ्यात करायचे की वाटेतल्या मेकॅनिकनं नुसतं वाकून पाहिलं तरी त्यांना राग यायचा. फक्त टाकीचा नळ तीन दिवस गळत होता. त्याला साहेबांचं एकच उत्तर, "उद्या बघू."

"फौजेत दुश्मनालाबी असंच सांगायचा व्हय? उद्या या म्हनून?" अंजना म्हणायची, आणि गाडी थांबली की गळतीखाली घमेलं सरकवायची.

मार्चातली सकाळ होती. पाटणच्या वरच्या पठारावरून खाणीचा जुना, बंद पडलेला कच्चा रस्ता कड्याकडे जात होता. कडा दोनच किलोमीटर उरलेला. दोन्ही अंगांना कारवी आणि जांभळीचं रान, मोबाईलला रेंज नाही, माणसाचा मागमूस नाही. उतार लागला. चाकाखालून एक दगड उडाला आणि ताडकन गाडीच्या पोटाला बसला. लालासाहेबांनी ब्रेक दाबला.

पाय सरळ तळाला गेला!

"धर घट्ट!" ते ओरडले. तिसरा गिअर, दुसरा, पहिला! इंजिन किंचाळलं. ओट्यावरची भांडी खाली आली. डावीकडे दरी! लालासाहेबांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. मातीच्या दरडीला घासत, खडखडत, गाडी कशीबशी थांबली. हँडब्रेक ओढला, पण त्याची तार केव्हाच सैल पडलेली. चाकांना दगड लावायला ते धावत उतरले, मुरमावरून पाय घसरला आणि डाव्या हातावर आपटले. काड्कन आवाज आला. मनगट मोडलं!

दगड मग अंजनानंच लावले, आणि सवयीनं गळक्या नळाखाली घमेलंही सरकवलं. लालासाहेबांनी वाकून पाहिलं. मागच्या डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी तुटली होती आणि तेल सगळं मातीत गेलं होतं.

ते मटकन खाली बसले. काम तसं सोपं. तुटलेली नळी दुमडून ठोकायची, बाटलीत उरलेलं तेल भरायचं, आत शिरलेली हवा काढायची, की बाकीची तीन चाकं ब्रेक धरतात. हजार वेळा केलेलं काम! पण त्याला दोन हात लागतात. आणि हवा काढायला तर माणसंच दोन लागतात, एक वर पेडलवर, एक खाली चाकाशी.

"मी जाते खाली," अंजना म्हणाली.

"येडी का खुळी तू? दगड सरकला तर गाडी अंगावरनं जाईल!"

"मग कोन जानार? तुमी, एका हातानं? सांगा, काय करायचं ते."

पदर खोचून, केसांना टॉवेल गुंडाळून ती गाडीखाली सरकली. त्यांनी बाहेरून सांगितलं, तिनं नळी दुमडली, ठोकली. मग लालासाहेब तेल भरून कसेबसे सीटवर चढले.

"आता ऐक. मी तीनदा दाबून धरतो आन् 'धरलं' म्हनतो. तू चाकामागचा हवेचा निपल उघड, बुडबुडे गेले की आवळ आन् 'सोडा' म्हन. तू म्हनूस्तवर मी पाय काढनार न्हाई. मधीच काढला तर हवा परत आत जाती, आन् तेल एवढंच हाय."

"धरलं!"

"सोडा!"

असं चार वेळा झालं. पेडल जरा जरा कडक लागायला लागलं. पाचव्यांदा त्यांनी दाबलं.

"धरलं!"

खालून आवाज नाही.

"अंजे?"

काहीच नाही. त्यांनी आरशात पाहिलं. मागच्या चाकाशी गवा उभा होता! काळाकभिन्न, खिडकीएवढा उंच, चांगला टनभराचा. नळाखालच्या घमेल्यात तोंड घालून तो पाणी पीत होता. त्याच्या खुरांपासून हातभर अंतरावर गाडीखालून अंजनाची पावलं बाहेर आलेली दिसत होती.

हॉर्न वाजवावा? बिथरला तर त्याच पावलांवरून जाईल. नुसता गाडीला धडकला तरी दगड निसटतील. उतरून धावावं? मोडक्या हातानं करणार काय? आणि पाय उचलला तर हवा आत! साहेबांना हलताही येईना, ओरडताही येईना. पोटरी थरथरायला लागली. घाम डोळ्यांत उतरला, मागोमाग रडूच आलं.

"जोतिबा," ते पुटपुटले, "दोन मिनटांचं काम हुतं रं! नळाचा नुसता वायसर बदलायचा हुता!"

गवा पीत राहिला. घमेलं चाटलं. मान वर करून फुसकारला. मग शेपटी हलवत, सावकाश, जसं काही घरचंच पाणी प्यायला आला होता तसा, रानात निघून गेला.

कितीतरी वेळानं खालून बारीक आवाज आला. "सोडा."

पेडल आता दगडासारखं लागत होतं. अंजना बाहेर आली, तोंड तेलानं काळं झालेलं. लालासाहेबांनी तिला एका हातानं घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"कडा हितं तर हाय," ती म्हणाली.

"न्हाई. तीन चाकांच्या ब्रेकवर फुडचा उतार न्हाई. मागं फिरायचं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालं होतं.

"ऱ्हाऊ दे मग. समुद्र काय पळून जातोय?"

दगड काढले. उजव्या हातानं ते स्टिअरिंग धरत होते, पायानं क्लच दाबत होते आणि शेजारी बसून अंजना गिअर टाकत होती. "पहिला." टाकला. "दुसरा." टाकला.

"गवा गेल्यावर तरी लगीच 'सोडा' म्हनायचंस," ते चढावर म्हणाले. "जीव गेला हुता माझा. पाय दाबून बसलोय नुसता, आन् खाली काय चाललंय त्याचा पत्ता न्हाई!"

अंजना समोर बघत होती.

"चोवीस वर्सं मी अशीच बसले हुते," ती म्हणाली. "मला तर आरसाबी न्हवता."

सपाटी आली. लालासाहेबांनी नुसता क्लच दाबला. अंजनानं आपणहून तिसरा टाकला.